कॅसलकॅरीची पावती

१८२० सालच्या एप्रिलचा पहिला आठवडा स्कॉटलंडच्या इतिहासात ‘रॅडिकल वॉर’ या नावानं नोंदला गेला आहे. नाव मोठं आहे. प्रत्यक्षात या युद्धाच्या मुख्य चकमकीत एका बाजूला ब्रिटिश घोडदळ होतं आणि दुसऱ्या बाजूला तीसेक माणसं, त्यातली बहुतेक हातमागावरची. त्यांच्याकडून जप्त झालेल्या शस्त्रांची यादी उपलब्ध आहे : ५ बंदुका, २ पिस्तुलं, १८ भाले आणि सुमारे १०० काडतुसं.

आपल्याकडे पेशवाई बुडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मुंबईच्या गव्हर्नरपदावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, एका स्कॉटिश उमरावाचा मुलगा, बसला होता. साम्राज्य बाहेर पसरत होतं, आणि घरात, ग्लासगो आणि पेझलीच्या गल्ल्यांत, मलमल विणणाऱ्यांच्या चुली धड पेटत नव्हत्या.

त्या आठ दिवसांचा घटनाक्रम पुढे मांडला आहे. पण तो १ एप्रिलपासून सुरू केला तर त्या माणसांवर अन्याय होईल. म्हणून आधी आठ वर्षं मागं जायला हवं.

नोव्हेंबर १८१२

शतकाच्या सुरुवातीला चांगला विणकर आठवड्याला २५ शिलिंगांच्या आसपास कमवत असे. दशकभरात ती कमाई झपाट्यानं घसरली. विणकरांनी यावर काय केलं, तर ते कोर्टात गेले. मजुरीचे दर ठरवण्याचा अधिकार जुन्या कायद्यानं स्थानिक दंडाधिकाऱ्यांना दिलेला होता. एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयानं तो अधिकार मान्य केला. लॅनार्कशायरच्या दंडाधिकाऱ्यांनी विणकरांचं दरपत्रक तपासलं, साक्षी ऐकल्या आणि दर वाजवी असल्याचा निर्णय दिला. या दाव्यासाठी विणकरांनी पै पै गोळा केली होती.

मालकांनी ते दर द्यायला साफ नकार दिला. मग सुमारे ४०,००० माग थांबले. हा संप शांततेत चालला. सरकारनं संपाची समितीच उचलली आणि पुढाऱ्यांना ४ ते १८ महिन्यांच्या शिक्षा झाल्या. १८१३ मध्ये लंडनच्या संसदेनं दर ठरवण्याचे कायदेच रद्द करून टाकले. दावा जिंकलेली माणसं तुरुंगात गेली आणि ज्या कायद्यावर ती जिंकली होती तो कायदाच पुसला गेला.

संसदेकडे दाद मागावी, तर तिथं त्यांचं कोण होतं? स्कॉटलंडची लोकसंख्या २० लाखांच्या वर आणि मतदार सगळे मिळून सुमारे ४,५००. एडिंबरो शहराचा खासदार ३३ नगरसेवक निवडायचे. १८१५ मध्ये नेपोलियनचं युद्ध संपलं, हजारो सैनिक घरी परतून मागावर बसले, मजुरी आणखी कोसळली. त्याच वर्षी धान्याच्या आयातीवर बंधनं आली आणि भाकरी महाग झाली. १८१६ मध्ये ग्लासगोजवळ थ्रशग्रोव्हच्या माळावर ४०,००० लोक मताधिकार मागायला जमले. ऑगस्ट १८१९ मध्ये मँचेस्टरला अशाच सभेवर घोडेस्वार घातले गेले, माणसं तुडवली गेली. वर्ष संपायच्या आत संसदेनं सभा आणि कवायतींवर बंदी घालणारे कायदे केले.

१८२० च्या मार्चअखेरीपर्यंत ग्लासगोतल्या सुधारणावाद्यांच्या गुप्त संघटनेची मुख्य माणसं पोलिसांनी ताब्यात घेतली होती. संघटनेत सरकारचे खबरे होते. काय शिजतंय याची लंडनला खडान्खडा माहिती होती.

शनिवार, १ एप्रिल, रात्र

ग्लासगो आणि आसपासच्या गावांत रात्रीतून पत्रकं चिकटवली गेली. भिंतींवर, पाण्याच्या पंपांवर, चर्चच्या दारांवर. मजकूर ब्रिटन आणि आयर्लंडच्या रहिवाशांना उद्देशून होता : हक्क मिळेपर्यंत सर्वांनी काम थांबवावं, सैनिकांनी आपल्याच माणसांवर शस्त्र धरू नये. खाली सही नव्हती. हंगामी सरकार स्थापण्यासाठीच्या समितीच्या हुकमावरून, एवढंच.

या पत्रकात मॅग्ना कार्टा आणि बिल ऑफ राइट्सचे दाखले आहेत. ते दोन्ही इंग्लंडचे दस्तऐवज, त्यामुळे पत्रक स्कॉटिश माणसानं लिहिलेलं नाही, ते सरकारी हस्तकांचं काम आहे, असा तर्क पुढे केला गेला. मला तो पुरावा कच्चा वाटतो. त्या काळी सगळ्या ब्रिटनमधले सुधारणावादी याच दाखल्यांची भाषा बोलत. पत्रक कुणीही लिहिलेलं असो, ते ज्यांच्या पोटाला भिडायचं होतं त्यांच्या पोटाला भिडलं.

रविवार, २ एप्रिल, सकाळ

ईस्टरचा रविवार. चर्चला निघालेले लोक पत्रकापुढे थबकत होते. ड्यूक स्ट्रीटवर जेम्स हार्डी नावाचा दंडाधिकारी पत्रक फाडायला पुढे झाला. त्याला तिथल्या एका तरुणानं अडवलं, हटवलं. या तरुणाचंही आडनाव हार्डीच, अँड्र्यू हार्डी. विणकर, वय विशीतलं. पुढे खटल्यात हा रस्त्यावरचा प्रसंग त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून उभा राहिला.

सोमवार, ३ एप्रिल

माग बंद. सूतगिरण्या बंद. ग्लासगो, पेझली आणि आसपासच्या परगण्यांत मिळून सुमारे ६०,००० कामगारांनी काम थांबवल्याचा अंदाज आहे. एवढा मोठा राजकीय संप स्कॉटलंडनं याआधी पाहिला नव्हता. आठ वर्षांपूर्वीच्या संपात माणसं मजुरीसाठी थांबली होती. आता ती मतासाठी थांबली. १८२० च्या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचा हाच दिवस वाटतो, आणि लोकांच्या आठवणीत तो सर्वांत कमी उरला आहे. या दिवशी कुणी मेलं नाही.

रस्त्यावर लोकांचे घोळके होते. कुठं लोहारांच्या भट्टीत भाल्याची पाती ठोकली जात होती. अफवा अशी की इंग्लंडही उठलं आहे, आणि तिकडून येणारी टपालाची घोडागाडी आली नाही की ती खूण समजायची.

टपाल वेळेवर येत राहिलं.

सायंकाळी ६

नगरप्रमुख हेन्री माँटीथ यानं फर्मान काढलं : दुकानं ६ वाजता बंद, ७ नंतर घराबाहेर पडायचं नाही. माँटीथ स्वतः सुती कापडाचा आणि रंगाईचा मोठा कारखानदार होता. शहराचा कारभारी आणि मजुरीचा मालक एकाच खुर्चीत बसला होता. रायफल ब्रिगेड आणि हुसार घोडदळ शहरात मोक्याच्या जागी उभं होतं. पत्रकाला उत्तर द्यायची सरकारची तयारी पत्रक लागायच्या आधीपासूनची होती.

मंगळवार, ४ एप्रिल, संध्याकाळ

शहराच्या उत्तरेला जर्मिस्टनच्या बाजूला साठेक माणसं जमली. त्यांना डंकन टर्नर नावाच्या माणसानं बेत सांगितला. फॉलकर्कजवळ कॅरनचा लोखंडाचा कारखाना आहे. तोफांसाठी तो जगभर प्रसिद्ध. ‘कॅरोनेड’ ही जहाजावरची आखूड तोफ त्याच कारखान्याच्या नावावरून ओळखली जाते. तिथं चालून जायचं, कामगार सामील होतील, तोफा ताब्यात येतील. वाटेत कॉन्डोरॅट गावात आणखी माणसं मिळतील.

बेत ऐकून निम्मे लोक मागं फिरले. टर्नर स्वतः बरोबर निघाला नाही. त्याला म्हणे इतरत्र माणसं जमवायची होती. उरलेल्यांचा म्होरक्या म्हणून अँड्र्यू हार्डीचं नाव पुढे आलं. त्याच्या हातात एका फाडलेल्या कार्डाचा अर्धा तुकडा देण्यात आला. दुसरा अर्धा तुकडा ज्याच्याकडे असेल तो आपला माणूस.

त्याच दिवशी पर्थहून १० व्या हुसार पलटणीची तुकडी लेफ्टनंट एलिस हॉजसनच्या हाताखाली निघाली होती. कॅरनच्या कारखान्याचं रक्षण, हे तिचं काम. शस्त्रं घ्यायला जाणारे अजून ग्लासगोच्या वेशीबाहेर पडले नव्हते, आणि शस्त्रांची राखण करणारे वाटेला लागलेले होते.

रात्री ११ च्या सुमारास

कॉन्डोरॅटमध्ये जॉन बेअर्डच्या घरी जॉन किंग नावाचा माणूस पोहोचला. बेअर्ड गावातला लोहारकामाशी नातं असलेल्या कुटुंबातला, स्वतः विणकर, आधी सैन्यात राहिलेला. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. किंगनं निरोप दिला की ग्लासगोहून मोठी, शिस्तबद्ध फौज येते आहे, तिला घेऊन कॅरनला जायचं. कार्डाचा दुसरा तुकडा बेअर्डकडे होता.

बाहेर पाऊस होता. ग्लासगोच्या बाजूनं अंधारात पंधरा-सोळा किलोमीटर चालत माणसं येत होती. बंदुका मोजक्या, बाकीच्यांच्या हाती भाले.

बुधवार, ५ एप्रिल, पहाटे ५

दार वाजलं. बेअर्डनं पाहिलं तर समोर हार्डी आणि त्याच्यामागे पंचवीसेक माणसं, नखशिखांत भिजलेली. फौज ती हीच. दोन तुकडे जुळले.

या क्षणी दोघांनी बेत मोडायला हवा होता, असं आज बसल्या जागी वाटतं. बेअर्डला सैन्याचा अनुभव होता, पंचवीस माणसांत काय होतं ते त्याला कळत होतं. पण मागं फिरून जायचं कुठं? शहरात संचारबंदी, वेशीवर पहारा, हातात भाले. किंगनं त्यांना पुढे ढकललं : मी आधी जातो, पुढच्या कॅमेलन गावची माणसं उठवतो, तुम्ही या. किंग निघून गेला.

कॉन्डोरॅटचे काही जण सामील झाले आणि तीसेक माणसं फॉलकर्कच्या रस्त्याला लागली. त्यांत काही जण विशीतही न आलेले होते.

सकाळी, कॅसलकॅरी

रात्रभर कुणी काही खाल्लं नव्हतं. कॅसलकॅरीच्या खानावळीत त्यांनी पाव आणि पोर्टर बिअर मागवली, पैसे चुकते केले आणि मालकाकडून पावती मागून घेतली.

राज्य उलथवायला निघालेल्या लोकांनी, हातात भाले असताना, खानावळवाल्याला पैसे दिले आणि पावती घेतली. उद्या कुणी म्हणेल की हे लुटारू होते, त्याला दाखवायला कागद असावा. १८१२ मध्ये कोर्टात गेलेली, दरपत्रक कागदावर मांडणारी हीच जमात. लिखापढीवर, हिशोबावर, दिल्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, आणि तो इतक्या मारानंतरही गेलेला नव्हता. खटल्यात खानावळवाल्याची साक्ष झाली, म्हणून हा तपशील आपल्यापर्यंत आला. फिर्यादी पक्षानं तो माणसं तिथं होती हे सिद्ध करण्यासाठी वापरला. मला त्यात त्यांच्या चारित्र्याचा दाखला दिसतो.

तिथून पुढे दोन टोळ्या झाल्या. बेअर्ड काही जणांना घेऊन फोर्थ-क्लाइड कालव्याच्या काठानं गेला, हार्डी उरलेल्यांबरोबर रस्त्यानं. रस्त्यात हार्डीला एक हुसार स्वार भेटला, एकटा. त्याला पकडणं सहज शक्य होतं. स्वारानं आपण तुमच्याच बाजूचे असल्याचं सांगितलं. हार्डीनं त्याच्या हातात पत्रकाची एक प्रत दिली आणि जाऊ दिलं. सैनिकांनी आपल्याच माणसांवर शस्त्र धरू नये असं पत्रकात लिहिलेलं होतं, आणि हार्डीनं ते मनापासून मानलेलं होतं.

स्वार घोडा फेकत किलसिथला पोहोचला. तिथं हॉजसनची तुकडी रात्रीच्या मजलेनंतर थांबलेली होती. त्यानं हातातलं पत्रक दाखवलं आणि टोळी कुठं आहे ते सांगितलं.

बॉनीम्यूर

बॉनीब्रिजजवळ कालवा ओलांडून सगळे वर माळावर चढले. रस्ता सोडून इथं थांबा, कॅमेलनची माणसं इथंच येऊन मिळतील, असा किंगचा निरोप होता. ते बसून राहिले. कॅमेलनकडून कुणी आलं नाही. किंगही आला नाही. मग परत फिरावं, असा विचार सुरू झाला.

तेवढ्यात घोडे दिसले. १६ हुसार आणि १६ स्टर्लिंगशायर येमनरीचे (स्वयंसेवक घोडदळाचे) स्वार, पुढे हॉजसन.

पळायला माळ उघडा होता. खाली दगडांचा, चुन्याशिवाय रचलेला कुंपणाचा बांध होता. माणसं ओरडत धावली आणि बांधाआड बसली. बंदुका उडाल्या. बांधात एक खिंडार होतं, घोडे तिथूनच आत येणार हे उघड होतं. भालेवाले तिथं उभे राहिले. घोडदळ एकदा मागं हटलं, पुन्हा आलं. हॉजसननं शरण येण्यास सांगितलं. हॉजसनचा हात जखमी झाला, एक सार्जंट जखमी झाला, घोड्यांना भाले लागले. मग स्वार आत शिरले आणि तलवारी चालल्या. चार विणकर गंभीर जखमी झाले. काही निसटले. एकोणीस जण पकडले जाऊन त्याच दिवशी स्टर्लिंगच्या किल्ल्यात पोहोचले.

सगळा प्रकार थोड्याच वेळात आटोपला. कॅरनचा कारखाना तिथून अजून बराच लांब होता.

बुधवार, ५ एप्रिल, दुपारनंतर

बातमी पोहोचायला वेळ लागला, आणि त्या वेळानं पुढे एकाचा जीव घेतला. दक्षिणेला स्ट्रेव्हन गावात दुपारी ग्लासगोहून माणूस आला : कॅथकिनच्या टेकडीवर मोठं सैन्य जमतं आहे, निघा. जेम्स विल्सन गावातला मोजे विणणारा, साठी गाठलेला, १७९० च्या दशकापासून मताधिकाराचं बोलत आलेला. त्याचं घर म्हणजे गावातल्या सुधारणावाद्यांच्या बसण्या-उठण्याची जागा.

गुरुवार, ६ एप्रिल, सकाळी ७

पंचवीसेक माणसं निशाण घेऊन स्ट्रेव्हनहून निघाली. म्हातारा विल्सन जुनी तलवार घेऊन बरोबर. बॉनीम्यूरवर आदल्या दिवशी काय झालं याचा त्यांना पत्ता नव्हता. ईस्ट किलब्राइडजवळ सैनिक दबा धरून बसल्याचं वाटेत कळलं, म्हणून विल्सन मागं फिरला आणि बाकीचे वळसा घालून कॅथकिनला पोहोचले. टेकडी रिकामी होती. माणसं एकेक करून पांगली. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्यांतले काही जण ओळखले जाऊन पकडले गेले होते, विल्सनही.

शनिवार, ८ एप्रिल, संध्याकाळ, ग्रिनॉक

पेझलीचा तुरुंग भरला, म्हणून पाच कैद्यांना क्लाइडच्या काठच्या ग्रिनॉकला हलवण्यात आलं. बरोबर पोर्ट ग्लासगोचे स्वयंसेवक सैनिक होते. शेजारच्या गावचे व्यापारी, दुकानदार, गणवेश चढवलेले. कैदी तुरुंगात टाकून ते परत निघाले तेव्हा रस्ता लोकांनी भरला होता. शिव्या झाल्या, मग दगड आले. आधी डोक्यावरून गोळ्या झाडल्या गेल्या. मग गर्दीत.

आठ जण मेले, दहा जखमी झाले. मेलेल्यांत एक आठ वर्षांचा मुलगा होता. रात्री लोकांनी तुरुंगाचं दार फोडून पाचही कैदी सोडवून नेले.

बॉनीम्यूरवर एकही माणूस जागच्या जागी मेला नाही. त्या आठवड्यातले सगळे बळी ग्रिनॉकच्या रस्त्यावर पडले, आणि तिथं कुणाच्याही हाती भाला नव्हता. या गोळीबाराबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

त्यानंतर

आणखी चार दिवसांनी, १२ एप्रिलला, यॉर्कशायरमध्ये बार्न्सलीचे काहीशे विणकर ग्रेंज मूरच्या माळावर जमले. स्कॉटलंडहून फौज येते आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. इंग्लंड उठलं म्हणून स्कॉटलंडची माणसं निघाली होती, आणि स्कॉटलंड उठलं म्हणून इंग्लंडची.

खटले इंग्लंडच्या राजद्रोहाच्या कायद्यानं, खास नेमलेल्या न्यायालयापुढे चालले. त्यासाठी हलॉक हा इंग्लिश वकील आणला गेला. फ्रान्सिस जेफ्री यानं बचाव केला आणि स्कॉटिश कोर्टात परक्या वकिलाला उभं राहण्याचा अधिकारच नाही, अशी हरकत घेतली. ती फेटाळली गेली. ८८ जणांवर राजद्रोहाचे आरोप होते, त्यातले बरेच आधीच देशाबाहेर निसटलेले. २४ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. १९ जण ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला पाठवले गेले.

जेम्स विल्सनला ३० ऑगस्टला ग्लासगो ग्रीनवर फाशी देऊन नंतर त्याचं शिर धडावेगळं करण्यात आलं. वीसेक हजार लोक पाहत होते. ८ सप्टेंबरला स्टर्लिंगमध्ये हार्डी आणि बेअर्ड यांचं तेच झालं. विल्सनचं प्रेत बेवारशांच्या खड्ड्यात पुरलं होतं. रात्री त्याची मुलगी आणि भाची यांनी ते उकरून स्ट्रेव्हनला नेलं.

जॉन किंग आणि डंकन टर्नर यांच्यावर खटला झाला नाही. ते सरकारचे हस्तक होते का, यावर इतिहासकार दोनशे वर्षं भांडत आहेत. पीटर मॅकेन्झी या ग्लासगोच्या पत्रकारानं १८३०च्या दशकात खबऱ्यांचं जाळं उघड करणारं लेखन छापलं. त्यात त्यानं अलेक्झांडर रिचमंडचं नाव घेतलं. हा रिचमंड १८१२ च्या संपातला विणकरांचाच पुढारी, पुढे १८१६-१७ मध्ये सरकारला माहिती पुरवणारा. त्यानं अब्रूनुकसानीचा दावा लावला. १८३४ मध्ये तो लंडनच्या कोर्टात टिकला नाही. पण रिचमंडवरून किंगबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि सगळा उठाव सरकारनंच रचला असं म्हणणं त्या साठ हजार माणसांचा अपमान आहे. ती कुणाच्या सांगण्यावरून उपाशी नव्हती, आणि मत मागायला त्यांना खबऱ्याची गरज नव्हती.

१८३२ मध्ये मताधिकार वाढला, स्कॉटलंडचे मतदार सुमारे ६५,००० झाले. घराच्या किमतीची अट असल्यानं हातमागवाले त्यात बसले नाहीत. १८३५ मध्ये ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्यांना पूर्ण माफी मिळाली. १८४७ मध्ये हार्डी आणि बेअर्ड यांचे अवशेष ग्लासगोच्या साइटहिल स्मशानभूमीत आणून तिथं स्मारक उभारण्यात आलं.

हार्डी आणि बेअर्ड यांनी घोडदळावर शस्त्र उचललं, हे खरं. पण विणकर त्याआधी कायद्याच्या वाटेनं गेले होते आणि कोर्टात जिंकले होते. ती वाट मालकांनी आणि संसदेनं मिळून बंद केली. बॉनीम्यूरच्या रक्ताची पहिली जबाबदारी मी त्यांच्यावर टाकतो.